लॅकिंग्टनचं हाफपेनी टोकन (१७९४): माल भारी, डीलर ठीकठाक

घेतलं एकदाचं, लंडनच्या जेम्स लॅकिंग्टन या पुस्तकवाल्याचं तांब्याचं टोकन, म्हणजे सरकारी नाण्याऐवजी चालणारं खासगी अर्ध्या पेनीचं नाणं, ऑनलाइन, ३० पौंडाला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: १७७५ नंतर वीसेक वर्षं इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीने तांब्याची नाणी पाडलीच नाहीत, बाजारात फिरत होती त्यात बनावट भरपूर, मजुरी आणि सुट्टे द्यायचे कशातून, मग १७८७ ला वेल्समधल्या अँगलसीच्या पॅरिस (Parys) माइन या खाण कंपनीने स्वतःच्याच तांब्याचे पेनी काढले आणि बघता बघता गावोगावचे दुकानदार पण सुरू झाले. आपल्या एसटीत कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो ना, तेच, फक्त तांब्यावर.

आता माल. एका बाजूला खुद्द लॅकिंग्टनसाहेबांचा मुखडा, म्हणजे जिथे राजा असायचा तिथे हे बसलेत! मूळचा बूट शिवणारा माणूस. मागे एक उडती बाई तुतारी फुंकतेय आणि कडेने लिहिलंय, जगातले सगळ्यात स्वस्त पुस्तकविक्रेते. जाहिरात म्हणजे केवढी, प्रत्येकाच्या खिशात. फिन्सबरी स्क्वेअरचं दुकान इतकं अवाढव्य की उद्घाटनाला आत चार घोड्यांची टपालगाडी (मेल कोच) फिरवली म्हणतात. आणि धंदा कडक रोखीचा, उधारी कुणालाच नाही. पण मला खरी मजा इथे वाटते, कारण हे टोकन म्हणजे त्यानेच गिऱ्हाइकाकडून घेतलेली उधारी की! सुट्टे म्हणून हातात ठेवणार, माल नंतर कधीतरी, आणि परत आलंच नाही तर निव्वळ फायदा.

तक्रार डीलरची. फोटोत मस्त चॉकलेटी रंग, हातात आलं ते घासून गुलाबी केलेलं, तांब्याचा तो जुना रंग गेला की गेला, परत येत नाही. लिस्टिंगमध्ये पॉलिशचा एक शब्द नाही, वर 'अतिदुर्मिळ'! अहो हे टोकन तसं बऱ्यापैकी मिळतं, ही टोकनं जमवायचं वेड तर तेव्हाच लागलेलं, १७९८ मध्ये जेम्स कॉन्डरने कॅटलॉग पण काढला. वैतागून मेल टाकला तर ५ पौंड परत दिले, तेवढं बरं.

टोकनला ५, डीलरला २. घेणार असाल तर आधी उजेडातला फोटो मागा. पुढचा नंबर मुंबई इलाख्याच्या १७९१ च्या तराजूछाप पैशाचा, तो बर्मिंगहॅमच्या बोल्टनच्या टांकसाळीतला, आणि डीलर दुसरा.