मुंबईचं नवं मत्स्यालय: अटलांटासारखं की मॉन्टेरेसारखं?

मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन तिथे बारा फुटी पारदर्शक बोगदा आला, कोविडात दारं बंद झाली आणि पुढे इमारतच धोकादायक ठरली. आता नव्या, मोठ्या मत्स्यालयाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, बोगदा किती लांब? तो मी सगळ्यात शेवटी विचारेन. आधी विचारेन, पाणी कुठून आणणार?

अमेरिकेतलं अटलांटा शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. होम डेपो या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानसाखळीचे एक संस्थापक बर्नी मार्कस यांनी २५ कोटी डॉलर दिले आणि २००५ मध्ये जॉर्जिया अ‍ॅक्वेरियम उघडलं. नळाच्या पाण्यात टनावारी मीठ कालवून तिथे समुद्र तयार केला. एकट्या मुख्य टाकीत सुमारे २ कोटी ४० लाख लिटर! हे पाणी बदलणं परवडत नाही, म्हणून तेच गाळून पुन्हा फिरवायचं, माशांच्या विष्ठेतला अमोनिया जिवाणूंकडून पचवून घ्यायचा. थोडक्यात, हा चोवीस तास चालणारा कारखाना आहे. पंप बंद पडले की प्राणवायू उतरायला लागतो. बदल्यात पाणी बारमाही नितळ, आणि तैवानहून विमानाने आणलेले व्हेल शार्क, म्हणजे जगातले सगळ्यात मोठे मासे. त्यांतले दोन २००७ मध्ये दगावले. आपल्याकडे व्हेल शार्कला २००१ पासून कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा ते आकर्षण सोडूनच द्या.

अहमदाबादच्या सायन्स सिटीतलं २०२१ चं मत्स्यालय याच वळणाचं. ६८ टाक्या, २८ मीटरचा बोगदा. त्यांच्या दारात समुद्र नाही, त्यांना दुसरा मार्गच नव्हता. आपल्या दारात आहे.

मॉन्टेरेच्या मत्स्यालयाचं गणित उलटं. कॅलिफोर्नियातल्या सार्डिन डबाबंद करणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागेवर, एचपी कंपनीवाल्या पॅकार्ड कुटुंबाच्या साडेपाच कोटी डॉलरमधून, १९८४ मध्ये ते उभं राहिलं. पाणी समोरच्याच उपसागरातून पंपाने येतं. दिवसा गाळलेलं, म्हणजे पाहणाऱ्यांना दिसावं. रात्री न गाळलेलं, म्हणजे त्यातल्या सूक्ष्म जीवांवर टाकीतल्यांचं पोट भरावं. त्या पाण्याबरोबर आलेली पिल्लं आणि बीजाणू आपोआप टाकीत रुजतात. केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्रशेवाळाचं, २८ फूट उंच जंगल अशाच पाण्यावर वाढतं. भर त्या उपसागरातल्या जिवांवर, परदेशी पाहुण्यांवर नाही.

मन अर्थातच मॉन्टेरेकडे ओढ घेतं. पण मुंबईचं पाणी मॉन्टेरेचं नाही. पावसाळ्यात गाळ येतो, खारटपणा उतरतो, सांडपाण्याचं तर बोलायलाच नको. ते सरळ टाकीत सोडलं तर पाहायला येणाऱ्याला फक्त चहा दिसेल. म्हणून सुवर्णमध्य: पाणी समुद्राचंच, पण भरतीला घेतलेलं, गाळ बसवून, गाळून फिरवलेलं, आणि पावसाळाभर पुरेल एवढा साठा जमिनीखाली. टाक्या मध्यम आकाराच्या. त्यांत पाकट, मुशी, जिताडा, हेकरू, केंड, वाम. शिवाय खडपांवरचे जीव, जे ओहोटीला हाजीअलीच्या खडकांत आजही दिसतात आणि ज्यांच्यासाठी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’वाले २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर फिरवतात. मुंबईकर काचेपुढे उभा राहून याचं कालवण कसं लागेल याचीच चर्चा करणार, हे गृहीत धरा. त्यात वाईट काही नाही. प्रवाळातल्या रंगीत माशासमोर ही चर्चा होत नाही.

एक महाकाय टाकी की अनेक लहान, यावर मला फारसा वाद वाटत नाही. बर्लिनच्या हॉटेलातली दहा लाख लिटरची अ‍ॅक्वाडोम टाकी १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटली आणि जवळपास सगळे, सुमारे १५०० मासे गेले. रस्त्यावर वर्दळ नव्हती म्हणून माणसं वाचली. लहान टाकी फुटली तर एक दालन बंद होतं, एवढंच.

खर्चाच्या बाबतीत राणीच्या बागेतले पेंग्विन आठवा. २०१६ मध्ये आठ आले, त्याच वर्षी एक गेला आणि पुढे तिकीट ५ रुपयांवरून ५० वर गेलं. परदेशी थंडी मुंबईत वर्षभर राखायची तर बिल येतच राहतं. तेव्हा प्रस्ताव समोर आला की चित्रांची पानं उलटून पुढे जा आणि वीज, जनरेटर, पशुवैद्य आणि मासे सांभाळणाऱ्यांचे पगार यांचे आकडे शोधा. ते आकडे नसतील तर हरकत नोंदवायला तेवढं कारण पुरे.