जप काउंटर: मोजायला ठीक, पण पासबुक समजू नका

बोटात अडकवायचा डिजिटल जप काउंटर मागवला, शंभराच्या आत मिळाला. आम्ही वसईचे कॅथलिक, जप वगैरे नाही, पण आईला गुड फ्रायडेपासून डिव्हाईन मर्सीचा (येशूच्या दयेचा) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करायचा होता आणि संधिवाताने रोजरीचे, म्हणजे आमच्या जपमाळेचे, मणी सरकत नाहीत म्हणून घेतला. पट्टा मऊ, आकडे मोठे, अंधारात पण दिसतात. टकटक आवाज मात्र जोरात येतो, चर्चमध्ये मिस्साला नेऊ नका, पुढच्या बाकावरचे वळून बघतात.

आता मेन प्रॉब्लेम. रिसेटचं बटण टिकलीएवढं आणि मोजायच्या बटणाला अगदी चिकटून. नोव्हेनात रोज एक माळ, तिच्यात एकच प्रार्थना पन्नास वेळा म्हणायची, म्हणजे नऊ दिवसांचे साडेचारशे. आठव्या दिवशी संध्याकाळी ४०० झाले, आई चष्मा शोधत होती, अंगठा पडला आणि शून्य. "अगं, माझं सगळं गेलं!" म्हणून जी रडायला लागली की जेवली पण नाही.

तेव्हा लक्षात आलं, तिच्या डोक्यात ती पोस्टातली आरडी चालू होती. मणी ओढायची तेव्हा कधी हिशोब नव्हता, काउंटर आल्यापासून जेवताना पण आकडा, वर शेजारच्या काकूंचे किती झाले ते.

शेवटी फादरांना फोन लावला. ते आधी हसले, मग म्हणाले, बाई, तुम्ही काय म्हणता ते ऐका की जरा, "त्याच्या दुःखसहनाकरिता आमच्यावर आणि सगळ्या जगावर दया कर", यात तुमचे चारशे कुठे आले? आई गप्पच. इतकी वर्षं म्हणतोय पण माझ्याही डोक्यात हे आलं नव्हतं, सगळी मागणी येशूच्या दुःखाच्या जोरावर आहे, आपल्या नाही. डिव्हाईन मर्सीच्या येशूच्या तसबिरीखाली पण "येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे" एवढंच, पोलंडची नन संत फॉस्तिना, तिला १९३१ मध्ये येशूचं दर्शन झालं तेव्हा हीच ओळ लिहायला सांगितलेली.

म्हणजे चांगलं वागून उपयोग नाही असं नाही हां, कॅथलिक शिकवणीत पुण्याईला जागा आहे, १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेत, ते ठासून सांगितलंय. फक्त ती पुण्याईच मुळात कृपेतून येते, कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २००७ क्रमांकाच्या परिच्छेदात सरळ लिहिलंय की देवापुढे माणसाचा पुण्याईवर काटेकोर अर्थाने हक्क नाहीच. बापाने खाऊला दिलेल्या पैशातून पोराने बापालाच पेढा आणावा आणि बापाने शाबासकी द्यावी, तसं काहीसं. पेढा खरा, शाबासकी पण खरी, पैसे कोणाचे ते दोघांनाही माहीत. फ्रान्समधल्या लिझ्यूची नन छोटी तेरेझा तर देवाला म्हणाली होती की मी रिकाम्या हातांनीच तुझ्यापुढे येईन, आणि ती आज संत आहे.

तर आईने नवव्या दिवशी काउंटर न लावता माळ म्हटली, मध्येच चुकली, परत म्हटली, पन्नास झाले की पंचावन्न देव जाणे. काउंटर भावाच्या पोराने दोरीउड्या मोजायला नेलाय, तिथे मस्त चालतो. तीन स्टार, एक स्टार त्या रिसेट बटणाचा कापला आणि एक आवाजाचा.