हरणाऱ्या मोसमात सीझन तिकीट की घरचा टीव्ही

संघ सतत हरत असताना सीझन तिकीट, म्हणजे मोसमातल्या घरच्या सर्व सामन्यांचे एकत्र तिकीट, पुढच्या वर्षासाठी चालू ठेवावे, की ते सोडून देऊन रविवारी दुपारी घरीच टीव्हीसमोर बसावे, हा प्रश्न अमेरिकन फुटबॉलमधल्या क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाच्या चाहत्यांच्या जणू पाचवीलाच पुजलेला आहे. मी स्वतः या प्रश्नाचे उत्तर 2017 च्या मोसमानंतर शोधले. त्या मोसमात ब्राउन्सने सोळापैकी सोळा सामने गमावले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एकच सामना जिंकला होता, म्हणजे दोन वर्षांत एक विजय आणि एकतीस पराभव. तुलनेच्या दृष्टीने मात्र तो मोसम मला सोयीचा ठरला. घरच्या मैदानावरचे सात सामने मी तलावाकाठच्या स्टेडियममध्ये पाहिले. आठवा ‘घरचा’ सामना लंडनला ट्विकनमवर झाल्यामुळे तो आणि परगावचे सर्व सामने घरी पाहिले. त्यामुळे एकाच संघाचे, एकाच वर्षातले हरणे दोन्ही ठिकाणांहून अनुभवले.

टीव्हीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. खेळ समजून घ्यायचा असेल तर घरची बैठक निःसंशय सरस आहे. चेंडू आपल्याकडे राखण्यासाठी चार प्रयत्नांत जिथवर पोचावे लागते ती, टीव्हीवर दाखवली जाणारी दहा यार्डांची पिवळी रेषा स्टेडियममधल्या गवतावर दिसत नाही, आणि वरच्या मजल्यावरून चेंडू नेमका कोणाच्या हातात आहे हेही कित्येकदा कळत नाही. 22 ऑक्टोबरला टेनेसी टायटन्सविरुद्धचा सामना होता. आदल्या दिवशी भाऊबीज झाली होती, आणि पार्किंगमध्ये आम्ही चार मराठी मित्र फराळाचा उरलेला चिवडा खाऊन आत गेलो होतो. त्या दिवशी आमचा लेफ्ट टॅकल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचे डाव्या बाजूने रक्षण करणारा, जो थॉमस हाताला दुखापत होऊन बाहेर गेला. कारकिर्दीच्या पहिल्या खेळीपासून एकही खेळी न चुकवता सलग 10,363 खेळ्या तो मैदानावर उभा राहिला होता, आणि ती मालिका माझ्या डोळ्यांसमोर तुटली. पण माझे लक्ष चेंडूकडे होते. 73 क्रमांकाचा माणूस बाहेर जाताना दिसला तेव्हा कुठे मला काहीतरी घडल्याचे कळले. घरी असतो तर तीच खेळी चार कोनांतून पाहायला मिळाली असती.

थंडीचाही विचार करायला हवा. नोव्हेंबरनंतर ईरी तलावावरून येणारा वारा कितीही कपडे घातले तरी आत शिरतो. त्यातच जाहिरातींसाठी खेळ थांबतो. तीन तासांहून अधिक चालणाऱ्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण अकरा मिनिटे. घरी त्या मधल्या वेळात माणूस उठून चहा टाकतो. स्टेडियममध्ये दोन्ही संघ नुसते उभे असतात आणि आपण पाय आपटत बसतो. पैशांचे गणितही सीझन तिकिटाच्या विरुद्धच जाते. मोसमाच्या अखेरीस माझ्या शेजारच्या खुर्च्या फेरविक्रीत मूळ किमतीपेक्षा स्वस्त मिळत होत्या.

इतके सगळे असूनही माझे मन स्टेडियमकडे झुकले. त्याचे कारण वरकरणी किरकोळ वाटेल, पण माझ्यासाठी तेच निर्णायक ठरले. ते कारण म्हणजे घरच्या चित्राला लागणारा उशीर.

इंटरनेटवरून येणारे थेट प्रक्षेपण प्रत्यक्ष खेळाच्या बरेच मागे असते. माझ्या घरी हे अंतर मी कधी घड्याळ लावून मोजले नाही, पण एक पूर्ण खेळी सहज बसेल इतके ते असते. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला याचा फारसा त्रास होत नसावा, कारण आनंदाची बातमी थोडी आधी आली तरी ती आनंदाचीच असते. हरणाऱ्या संघाचे तसे नाही. सोळा आठवडे पदरी पराभव पडत असताना चाहत्याच्या हाती खरोखर उरते ते इतकेच, की चेंडू हवेत असतानाचे दोन-तीन सेकंद काहीही होऊ शकते असे त्याला वाटते. तेवढ्यासाठीच तो सामना पाहतो, आणि नेमके तेच सेकंद हा उशीर काढून घेतो.

31 डिसेंबरचा पिट्सबर्गमधला शेवटचा सामना मी घरी पाहत होतो. पिट्सबर्ग स्टीलर्स 28-24 असे पुढे होते, वेळ दोन मिनिटांहून कमी उरली होती, आणि ब्राउन्स स्टीलर्सच्या हद्दीत चौथ्या डाउनवर, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नावर होते. माझ्या पडद्यावर खेळाडू अजून रांगेत उभे राहत होते, इतक्यात टेबलावरचा फोन थरथरला. व्हॉट्सॲपच्या गटात मित्राचा एकच शब्द आला होता, ‘सुटला’. त्यानंतर मी आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, डिशॉन कायझर याला मागे सरकताना पाहिले, त्याने केलेली उत्तम फेक पाहिली, आणि कोरी कोलमनच्या हातात आलेला चेंडू निसटतानाही पाहिला. ती त्या मोसमातली शेवटची आशा होती आणि मी ती शिळी होऊन आल्यावर पाहिली. मित्राचा काहीच दोष नव्हता. त्याच्या पडद्यावर ते घडून गेले होते.

यावर उपाय नाहीत असे नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. पण घरी बसून पाहण्यात जी सोबत असते ती त्या फोनमधूनच येते, आणि ती तोडली तर हरणारा सामना एकट्याने पाहणे फार जड जाते. अँटेना लावला तर उशीर बराच कमी होतो, असा माझाही अनुभव आहे. मात्र आमच्या घरी वारा सुटला की चित्र तुटते. ज्यांच्या घरी सिग्नल चांगला येतो त्यांचे मत माझ्यापेक्षा वेगळे असू शकेल.

स्टेडियममध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. 10 डिसेंबरला ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध ब्राउन्स चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला 21-7 असे पुढे होते. सामना संपायला सतरा सेकंद असताना पॅकर्सने बरोबरी साधली. जादा वेळेत दबावाखाली कायझरने चेंडू उंच भिरकावला, तेव्हा तो वर असेपर्यंत कोणालाच काही ठाऊक नव्हते. माझ्या शेजारचे वयस्कर गृहस्थ माझ्या दंडाला धरून उभे राहिले होते. चेंडू पॅकर्सच्या जोश जोन्सच्या हातात पडला, थोड्याच वेळात त्यांच्याच डेव्हान्टे ॲडम्सने टचडाउन केला आणि सामना 27-21 असा गेला. हातातोंडाशी आलेला घास गेला, पण तो आम्हा सर्वांचा एकाच क्षणी गेला. तो सामना आठवला की मला धावफलकाआधी दंडावरची ती पकड आठवते. पिट्सबर्गचा सामना आठवला की फोन आठवतो.

मी तिकीट चालू ठेवले. पुढच्या मोसमात 20 सप्टेंबर 2018 रोजी, गुरुवारी रात्री, न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध 14-0 अशा पिछाडीवरून नवा क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड मैदानात उतरला आणि ब्राउन्सने 21-17 असा विजय मिळवला. त्याआधीच्या विजयाला 635 दिवस झाले होते. तोच चेंडू, तीच खुर्ची, तेच शेजारी गृहस्थ. या एका रात्रीच्या बळावर मी इतरांना तिकीट घ्या असे सांगणार नाही, कारण तो विजय आला नसता तरी माझा निर्णय तोच राहिला असता.

घरात लहान मुले असतील किंवा रविवार एरवीच कामांत जात असेल, तर घरची बैठकच योग्य, आणि मग अँटेनावर थोडा खर्च जरूर करावा. मन अजून द्विधा असेल तर डिसेंबरातल्या एखाद्या सामन्याचे सुटे तिकीट फेरविक्रीतून घेऊन आधी जाऊन यावे. पडेल मोसमात ते सहज मिळते. जागा निवडताना मात्र शक्यतो उत्तरेकडच्या स्टँडमधली घ्यावी. दुपारी एकच्या सामन्यात ऊन समोरून अंगावर येते, आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत दक्षिणेकडच्या सावलीत बसलेल्यांपेक्षा बोटे बरीच हलती राहतात.