राजपत्रातली नावबदल सेवा: साताऱ्यातल्या बाईच्या किती कामाची?

नावबदलाची सरकारी सेवा म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येणारी छोटीशी सूचना: जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक. अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या पोर्टलवर भरायचा. घरून मोबाइलवर जमत नसेल तर साताऱ्यातल्या पोवई नाक्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात भरून मिळतो. छापून आलेला कागद दमदार आहे, पण अर्ज भरतानाच अनेक जणींचं काम बिघडतं.

सातारा जिल्ह्यात हा विषय नुसत्या हौसेचा नाही. २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा परिषदेने २८५ नकुसांना, म्हणजे मुलगी नको होती म्हणून ‘नकुसा’ नाव ठेवलेल्या मुलींना, नवी नावं देण्याचा कार्यक्रम घेतला. त्या मुलींपैकी कित्येक जणी आता सज्ञान आहेत, नोकरी आणि कर्जाचे कागद स्वतःच्या सहीने करतात. समारंभात ठेवलेलं नाव आधारवर किंवा बँकेत आपोआप चढत नाही. तिथे राजपत्रच लागतं.

या सेवेची सगळ्यात चांगली बाजू अशी की नाव कोणतं घ्यायचं ते बाई ठरवते. आईचं नाव मधे लावा, आडनाव गाळा, लग्नाआधीचं नाव परत घ्या, सूचना छापली जाते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदाही नाही. राजपत्रातच छापलेलं असतं की मजकूर अर्जदाराच्या माहितीवर आधारलेला आहे आणि त्याच्या खरेपणाची जबाबदारी शासनाची नाही. त्यामुळे तुम्ही जे लिहाल तेच छापून येणार, चूक असली तर चुकीसकट.

आणि चुका होतात त्या ठरावीकच. पहिली चूक जुन्या नावाची. शाळेच्या दाखल्यावर ‘नकुसा’, आधारवर ‘नकुशा’, बँकेत ‘नकोशी’ असं असतं. इंग्रजीत तर कुठे शेवटी एस-ए, कुठे एस-एच-ए, कुठे एस-एच-आय. राजपत्रात यातलं एकच रूप आलं तर बाकीच्या दोन कागदांशी त्याचा संबंध जुळत नाही आणि काउंटरवरचा माणूस फाईल परत करतो. म्हणून आधी सगळे कागद समोर ठेवा, जुन्या नावाची सगळी रूपं ‘ऊर्फ’ लावून अर्जात घाला. तेवढी जागा मिळाली नाही तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत करून ठेवा.

दुसरी चूक केंद्रात अर्ज भरून देणाऱ्या ऑपरेटरच्या सवयीची. मधलं नाव म्हटलं की तो विवाहितेच्या अर्जात नवऱ्याचं नाव टाकून मोकळा होतो, आडनाव विचारतही नाही. कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी नवं नाव मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या, आणि सबमिट करण्याआधी स्क्रीनवर एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. घाई करू देऊ नका, मागे रांग असली तरी.

आडनाव पूर्ण सोडायचं असेल तर पुढचा विचार आत्ताच करा. पॅनच्या अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा आहे; एकच नाव असेल तर ते त्याच रकान्यात भरावं लागतं. पासपोर्टवर आडनाव नसलं तरी चालतं, पण नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असणाऱ्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केला आहे. स्वतःचं नाव आणि आईचं नाव असे दोन शब्द ठेवले की दोन्ही अडचणी टळतात. आमची शिफारस हीच.

छापून आल्यावर पीडीएफ उतरवून घ्या. नुसती आपली ओळ कापून छापू नका. अंक क्रमांक आणि तारीख दिसणारं पानही जोडा, बँक तेच मागते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) नियमांत नावबदलासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र चालतं, हे शाखेत ठामपणे सांगा.

त्यानंतर पहिलं आधार. आधारवर नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि किरकोळ स्पेलिंग दुरुस्तीही त्यात मोजली जाते, म्हणून राजपत्र येण्याआधी आधारला हात लावू नका. मग पॅन, मग बँक, मग मतदार यादीसाठी फॉर्म ८, रेशनकार्डासाठी तहसीलची पुरवठा शाखा. दहावीच्या दाखल्याच्या मागे लागू नका. शाळा सोडल्यावर तिथे लेखनचुकीपलीकडे बदल होत नाही. दाखला आणि राजपत्र एकत्र जोडून दाखवायचं.

एका गटाला मात्र या सेवेची गरजच नाही. नकुसा, दगडाबाई, धोंडूबाई हेच नाव ताठ मानेने मिरवायचं ठरवलेल्या बाईला कोणीही ‘चांगलं’ नाव घ्यायला लावू नये, केंद्रचालकाने तर नाहीच. तिला हवं आहे फक्त सगळीकडे एकसारखं स्पेलिंग, आणि ते आधार व बँकेत साध्या दुरुस्तीने होतं.

जमीन असेल तर सातबारा शेवटी घ्या. तलाठ्याकडे राजपत्रासह अर्ज, मग फेरफाराची नोंद, पंधरा दिवसांची हरकतीची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. २०२४ च्या शासन निर्णयाने विवाहितेला मालमत्तेच्या दस्तात लग्नाआधीचं नाव ठेवायची मुभा दिली आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. पीककर्जाची फाईल त्याच महिन्यात टाकू नका, कारण फेरफार मंजूर होईपर्यंत सातबारावर जुनंच नाव दिसतं आणि बँक दोन नावांवर अडून बसते.