स्प्लेंडरचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? सोळा महिने वही ठेवली, त्याचा हिशेब

माझी स्प्लेंडर प्लस २०१५ ची, कार्बोरेटरवाली. जुलै २०२३ मध्ये माझी बदली सिन्नरच्या प्लांटला झाली, तेव्हापासून रोज नाशिकरोड ते माळेगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. पळसे, शिंदे, मग मोहदरीचा घाट चढला की कंपनी. वही सुरू केली तेव्हा मीटर ६४,२०० होतं, आज ८१,४०० आहे. घरात दुसरी गाडी बायकोची ११० सीसी स्कूटर. तिचाही हिशेब पुढे येईल, कारण तिनेच मला तोंडघशी पाडलं.

आधी आमच्याकडे ऑइल बदलण्याचा नियम एकच होता: मेकॅनिक म्हणेल तेव्हा. आणि मेकॅनिक दर दोन हजाराला म्हणायचा. ऑइलची पातळी मोजायची स्टिक बाहेर काढायचा, बोटावर पुसायचा आणि बोट माझ्या नाकासमोर धरायचा. "भाऊ, हे बघा, डांबर झालंय." डांबर बघितल्यावर कोण नाही म्हणणार? मीही आठ वर्षं नाही म्हटलं नाही.

रोजचं अंतर वाढलं तेव्हा दोन हजार किलोमीटर दोन महिन्यांच्या आतच भरायला लागले. ऑइल चारशेच्या आतबाहेर, वर मजुरी. तेव्हा कपाटातून गाडीचं मॅन्युअल काढलं. त्यात लिहिलंय, दर ६,००० किलोमीटरला बदला आणि दर ३,००० ला टॉप-अप करा, म्हणजे कमी झालेलं वरून भरा. हे वाक्य मी ऑफिसात चार जणांना विचारून बघितलं. "सहा हजार" सगळ्यांना माहीत. "तीन हजाराला टॉप-अप" एकालाही नाही. पुढचं सगळं रामायण या अर्ध्या वाक्याचं आहे.

मी मेंटेनन्सला आहे. कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक पॉवरपॅक यांच्या ऑइलशी रोजचा संबंध. प्लांटमध्ये तारखेच्या आधी ऑइल काढून फेकलं तर साहेब कारण विचारतात. स्वतःच्या गाडीबाबत मात्र मी बोटावरचा काळा रंग बघून पैसे मोजत होतो. म्हणून वही.

सुरुवात स्वच्छ करायची म्हणून आधी उजवीकडचं कव्हर उघडायला लावलं. स्प्लेंडरला कारसारखा कागदी फिल्टर नसतो. एक जाळी असते, आणि क्रँकबरोबर (इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर) फिरणारी एक वाटी असते. ऑइल त्या वाटीतून जाताना जड कचरा फिरकीच्या जोरावर कडेला चिकटून बसतो. ती साफ करायची तर किक काढा, कव्हर काढा, नवं गॅस्केट टाका. ऑइल बदलायला दहा मिनिटं लागतात, याला दीड तास. त्यामुळे आठ वर्षांत हे कोणी केलंच नव्हतं. वाटीच्या कडेला काळ्या मेणासारखा थर होता, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर वड्या निघाल्या. मी दर दोन हजाराला ताजं ऑइल ओतत होतो आणि ते पहिल्या मिनिटापासून त्या वड्यांवरून वाहत होतं. मेकॅनिक म्हणाला, "कोणी सांगतच नाही साहेब उघडायला." खरंच आहे, मी तरी कुठे सांगितलं होतं!

पहिली फेरी मॅन्युअलप्रमाणे. १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाडीचा आकडा), बाटलीवर जासो एमए (बाईकच्या ऑइलची खूण) लिहिलेलं. मोजून ८५० मिली टाकलं. तीन हजारावर स्टिक बघितली तर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. वरच्या खुणेपर्यंत आणायला १५० मिली लागलं. डिसेंबरात सहा हजार भरल्यावर ड्रेन केलं, ते स्वयंपाकघरातून ढापलेल्या मापात मोजलं. (ते माप आता माझंच झालंय, परत घेणार नाही असं घरातून स्पष्ट सांगण्यात आलं.) निघालं ६४० मिली. म्हणजे एकूण हजार टाकलं, ३६० गेलं. थोडं आत चिकटून राहतं हे धरलं तरी बरंच गेलं. आता टॉप-अप केलंच नसतं असं धरा: सहा हजाराला इंजिनात पाचशे मिलीसुद्धा नसतं. एअर-कूल्ड इंजिन, घाटात तिसऱ्या गिअरमध्ये, आणि ऑइल निम्म्यावर आलेलं. ऑइल नुसतं वंगण नाही, ते इंजिनाची उष्णताही वाहून नेतं. कमी झालं की उरलेलं ऑइल जास्त फेऱ्या मारतं, जास्त तापतं, लवकर संपतं. "सहा हजार चालवलं आणि इंजिन बसलं" म्हणणारे मला भेटलेत. त्यातल्या एकानेही मधे स्टिक काढून बघितली नव्हती.

सत्तर हजाराच्या घरातल्या इंजिनाने थोडं ऑइल खाणं यात मला नवल वाटत नाही. नवल हे, की दोन हजाराला बदलत होतो तेव्हा ही गोष्ट कधी कळलीच नाही. दर वेळी भांडं भरून जायचं, गळती कुठे हे कोण बघतो?

आता काळ्या रंगाबद्दल. ऑइलमध्ये डिटर्जंट असतात, इंजिनातली काजळी सुटी करून स्वतःत तरंगत ठेवणं हेच त्यांचं काम. त्यात आपल्या बाईकचा क्लच ऑइलमध्येच बुडलेला, त्याच्या प्लेटांची झीजही तिथेच. हजार किलोमीटरला ऑइल काळं झालं तर ते काम करतंय. ऑइल महिनोन्‌महिने मधासारखं राहिलं तर मी उलट काळजी करेन. प्लांटमध्ये आम्ही फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघतो, तेच इथे केलं. दोन हजाराला थेंब पसरून सगळीकडे सारखा राखाडी गोल झाला. चार हजारालाही तसाच, थोडा गडद. सहा हजाराला मात्र मध्ये काळा ठिपका, त्याची कड ठळक, आणि बाहेर फिकट तेलकट कडं. म्हणजे काजळी तरंगत ठेवायची ताकद सरत आलेली. ही काही प्रयोगशाळा नाही, पण शेजारी शेजारी ठेवलेले तीन कागद बोटावरच्या डांबरापेक्षा बरंच काही सांगतात. त्या दिवसापासून माझ्या या जुन्या गाडीसाठी मी आकडा चार हजार धरला. गाडी नवी असती, ऑइल खात नसती, तर मॅन्युअलप्रमाणे सहा हजार बिनधास्त चालवलं असतं.

दुसरी फेरी मेकॅनिकच्या आग्रहाने. "गाडी जुनी झाली, आता २०डब्ल्यू-४० टाका, खाणं कमी होईल." डिसेंबर ते एप्रिल, चार हजार. खाणं कमी झालं हे मान्य, दोन हजाराला टॉप-अप जेमतेम ५० मिली. पण जानेवारीत सकाळी सहाला पहिल्या शिफ्टला निघताना किक मारली की पाय जागेवरच थांबायचा. निफाडकडची थंडी आमच्याकडे पोचली की चोक ओढूनही चार-पाच किक. थंडीत जाड ऑइल वर पोचायला वेळ लागतो, आणि इंजिनाची झीज जास्त होते ती त्या सुरुवातीच्या वेळातच. वहीत मायलेज ६४ चं ६२ झालेलं दिसतं, पण त्याच काळात मागच्या टायरमध्ये हवा कमी होती, तेव्हा तो दोष ऑइलच्या माथी मारत नाही. उन्हाळ्यात किंवा कोकणात कोणी २०डब्ल्यू-४० वापरत असेल तर मी अडवणार नाही. नाशिकच्या हिवाळ्यात पुन्हा टाकणार नाही.

याच फेरीत एक शहाणपणा मी केला, तो लिहायला लाज वाटते. टॉप-अपसाठी घरात भावाच्या कारचं उरलेलं ऑइल होतं, ०डब्ल्यू-२०. महागाचं, सिंथेटिक, म्हणजे चांगलंच असणार! शंभर मिली ओतलं. तिसऱ्या दिवशी मोहदरीच्या चढाला ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिनाचा आवाज वर गेला आणि गाडी तिथेच. क्लच स्लिप. मागून ट्रक हॉर्न मारतोय आणि मी कडेकडेने सरपटतोय. कारच्या अशा ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारचा क्लच कोरडा, त्याला फरक पडत नाही. आपला क्लच त्याच ऑइलमध्ये पोहतो. जासो एमए हे अक्षर बाटलीवर त्यासाठीच असतं. ते अख्खं ऑइल काढून टाकलं, नवीन २०डब्ल्यू-४० भरलं, आठवड्यात क्लच ताळ्यावर आला. शंभर मिली वाचवायला गेलो आणि पूर्ण बाटली गेली.

तिसरी फेरी बाईकचंच फुल सिंथेटिक, जवळजवळ दुप्पट किमतीचं. गिअर लोण्यासारखे पडले, मे महिन्याच्या उन्हात घाट चढून आल्यावरही इंजिनाचा आवाज मऊ. ४,९०० चालवलं, कागदावरचा थेंब तेव्हाही ठीक होता. पण या गाडीने ते साध्यापेक्षा जरा जास्तच खाल्लं, आणि महागाचं ऑइल टॉप-अप करताना हात थरथरतो. लिक्विड कूल्ड, जास्त आरपीएमवाली गाडी असेल तर जरूर घ्या. शंभर सीसीच्या गाडीला मला ते पैठणी नेसून भांडी घासल्यासारखं वाटलं. सप्टेंबरात पुन्हा साध्या १०डब्ल्यू-३० वर आलो.

आता स्कूटर. बायकोची शाळा घरापासून दीड किलोमीटर. शाळा, भाजी, क्लास. वर्षाला दोन हजार किलोमीटर कसेबसे. मी वहीवाला माणूस, छातीठोकपणे म्हणायचो, "तुझे किलोमीटर कुठे झालेत?" सोळा महिने ऑइल बदललं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ती म्हणाली, गाडी जड वाटते. मी ऑइलचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पिवळसर पांढरा फेस, लोणी काढताना रवीला चिकटतो तसा. ड्रेन केलं तर रंग दुधाच्या कॉफीचा.

कारण साधं आहे. इंजिनात पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी खाली ऑइलमध्ये उतरते. गाडी अर्धा तास चालली की ऑइल पुरेसं तापतं आणि ती वाफ उडून जाते. दीड किलोमीटरमध्ये ऑइल कोमटसुद्धा होत नाही. पाणी साचतं, न जळलेलं पेट्रोल मिसळतं, आम्ल तयार होतं. माझ्या बाईकचे चार हजार किलोमीटर तिच्या थोडक्या किलोमीटरपेक्षा ऑइलला हलके गेले होते. हे मला प्लांटच्या कॉम्प्रेसरबाबत माहीत होतं बरं का! घरच्या स्कूटरबाबत सुचलं नाही. "किलोमीटर कुठे झालेत" हे वाक्य आता घरात माझ्यावरच वापरलं जातं, कुठल्याही विषयावर.

तेव्हापासून स्कूटरला किलोमीटर नाहीत, सण आहेत. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ घालतोच, त्याच्या आदल्या रविवारी ऑइल. मग थेट गुढीपाडव्याला. साधारण सहा महिने, आणि पावसाळ्याचं पाणी दसऱ्याला बाहेर. शिवाय रविवारी मी ती गाडी त्र्यंबक रस्त्याला वीस किलोमीटर पळवून आणतो, ऑइल तापावं म्हणून. मिसळ खाऊन येतो हा निव्वळ योगायोग. स्कूटरवाल्यांनी मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल वेगळं असतं हेही लक्षात ठेवा, शंभर-सव्वाशे मिलीचं काम, आपण सांगितल्याशिवाय मेकॅनिक हात लावत नाही. आणि स्कूटरच्या बाटलीवर जासो एमबी असतं, ते उरलं म्हणून बाईकमध्ये ओतू नका. माझा घाट आठवा.

स्टिक बघायची पद्धत लिहितो, कारण मीच ती वर्षानुवर्षं चुकीची करत होतो. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. साइड स्टँडवर बघितलं तर आकडा खोटा. दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. उजवीकडे किकजवळचं झाकण काढा, स्टिक पुसा, परत आत नुसती टेकवा. आटे फिरवायचे नाहीत. फिरवलं की स्टिक खोल जाते, ऑइल भरपूर दिसतं. मी फिरवून बघायचो आणि निश्चिंत राहायचो. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर गेलेलं आणि पेट्रोलचा वास येत असेल तर आधी कार्बोरेटर बघा, ऑइलचा दोष नाही. चमचमणारे कण दिसले तर ऑइल बदलून भागणार नाही, इंजिन उघडावं लागेल.

ड्रेन आता घरीच करतो, १७ चा पाना पुरतो. बोल्टचा वॉशर नवा टाकतो, बोल्ट जीव काढून आवळत नाही. आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत, गेले की खर्च बघा. रिकामी बाटली कापूनच टाकतो, कारण अख्ख्या बाटल्या पुन्हा भरून विकल्या जातात. जळकं ऑइल कॅनमध्ये साठवून गॅरेजच्या ड्रमात ओततो, तिथून ते रिसायकलिंगला जातं. मामा दर वेळी फोन करतात, "गोठ्याच्या खांबांना वाळवी लागलीय, जळकं ऑइल आण रे." मी टाळतो. ते शेवटी मातीतच उतरतं आणि मामांची विहीर गोठ्यापासून वीस पावलांवर आहे. मामांना हे पटलेलं नाही, मागच्या खेपेला त्यांनी दुसऱ्या भाच्याकडून मिळवलं.

खर्च म्हणाल तर सतरा हजार किलोमीटरला जुन्या सवयीने आठ वेळा ऑइल बदललं असतं. घाटातला शहाणपणा धरूनही पाच वेळा झालं. वाटी अजून एकदा उघडली, मार्चमध्ये, आत बोटावर येईल इतकाच थर होता. मीटर ८३,१०० ला पुढचं ऑइल. परवा स्टिक बघितली, वरच्या खुणेपासून तांदळाच्या दोन दाण्यांएवढं खाली.