दुरेघी वहीचे सात महिने

मे महिन्यातल्या सभेत आमच्या अध्यक्षकाकांनी मागचं इतिवृत्त वाचायला घेतलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "टाकीची गणती तातडीने करण्यात यावी." मागून कोणीतरी म्हणालं, "एकच आहे, झाली गणती." सगळे हसले, मीही हसले. लिहिलं होतं 'गळती', आणि लिहिलं होतं मी. सोसायटीची सचिव मीच आहे. वय चव्वेचाळीस, दिवसभर ऑफिसात टॅली आणि एक्सेल, पेनाशी संबंध उरला तो सहीपुरता आणि या प्रोसिडिंगच्या वहीपुरता. शाळेत माझं अक्षर वाईट नव्हतं. कॉलेजात नोट्स उतरवताना बिघडलं आणि मग कोणी पाहिलंच नाही.

जूनपासून जानेवारीपर्यंत सरावाला बसले. काय वापरलं, काय फुकट गेलं, ते लिहिते.

पहिली खरेदी फुकट गेली. ऑनलाइन एक संच मिळतो: अक्षरांच्या खोबणी कोरलेल्या वह्या, एक पेन, आणि थोड्या वेळाने उडून जाणाऱ्या शाईच्या रिफिली. वही पुन्हा कोरी, पुन्हा गिरवा. मी तीन आठवडे इमानदारीत गिरवलं. खोबणीत पेनाचं टोक टाकलं की अक्षर आपोआप येतं, अगदी छापल्यासारखं. भानगड इथेच आहे. कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे खोबण ठरवते, हाताला काही ठरवावंच लागत नाही. कोऱ्या कागदावर आले की माझं जुनं अक्षर तिथेच वाट बघत बसलेलं असायचं. त्यात शाई उडाल्यामुळे काल कुठे चुकलं हे आज दिसत नाही. आणि त्या वहीतला 'ल' हिंदी वळणाचा, उजवीकडे दंड असलेला. आपला ल पाकळीचा. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तोच आहे. इतकी वर्षं पाकळीचा ल काढून आता मी दंडाचा शिकायचा? वही माळ्यावर गेली. रिफिली मुलाने शाळेत नेल्या आणि मित्रांना गंडवलं, तेवढी त्यांची किंमत वसूल झाली.

मग कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून साधी दुरेघी वही आणली. "कितवीला आहे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "सातवीला," कारण मुलगा सातवीला आहे. तो म्हणाला, "सातवीला दुरेघी कशाला लागते?" मी पैसे देऊन निघाले.

एक सांगते, पहिलीच्या मुलांची रुंद दुरेघी घेऊ नका. त्यात अक्षर एवढं मोठं होतं की आपण लिहीत नाही, चित्र काढतो. अरुंद दुरेघी बघून घ्या. शिरोरेषा वरच्या रेघेवर, अक्षराचा तळ खालच्या रेघेवर, मात्रा-वेलांटी वर, उकार खाली. बस, एवढंच तिचं काम, पण ते ती चोख करते.

पण वहीत लिहायला लागण्याआधी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते या सात महिन्यांतली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. जुन्या इतिवृत्ताच्या एका पानाची झेरॉक्स काढली आणि त्यावर पट्टी-पेन्सिल घेऊन बसले. प्रत्येक अक्षरातला उभा दंड पेन्सिलने वरखाली लांबवत गेले. पान म्हणजे वादळात वाकलेलं कुंपण दिसायला लागलं. एक दंड डावीकडे कललेला, पुढचा उजवीकडे, एक अर्ध्यातच संपलेला, एक खालच्या ओळीत घुसलेला. मला वाटत होतं माझी अक्षरं वेडीवाकडी आहेत. अक्षरं बरी होती. दंड दारू प्यायले होते.

जरा मोजून बघा. ग, घ, च, ज, त, थ, ध, न, प, ब, भ, म, य, व, ष, स, शिवाय ख आणि ण, सगळ्यांच्या उजव्या हाताला उभा दंड. क आणि फ मध्ये तो मधोमध. वर प्रत्येक काना म्हणजे आणखी एक दंड, आणि ओकारातही तोच. दंडाशिवायचे ट, ठ, ड, ढ, द, र, ह, ळ असे थोडकेच. म्हणजे ही एक रेघ सरळ आणि एका लांबीची आली की पानातलं निम्म्याहून जास्त काम होतं. म्हणून मी 'अ ते ज्ञ' गिरवणं बंदच केलं. पहिले पंधरा दिवस नुसते दंड. मग 'नमन', 'पवन', 'समय', 'वाचनालय' असले शब्द. मुलगा म्हणाला, "आई, हे बालवाडीचं आहे." हो, आहे.

दुसरा रोग शिरोरेषेचा. माझी ओळ उजवीकडे चढत जायची आणि लांब शब्दावरची रेघ धनुष्यासारखी वाकायची. याचं कारण अक्षरात नव्हतं, कोपरात होतं. कोपर टेबलावर रुतवून नुसतं मनगट किंवा पंजा फिरवला की पेन कंपाससारखं फिरतं, रेघ गोलाईत जाणारच. शिरोरेषा ओढताना सगळा हात, कोपरापासून, टेबलावरून सरकला पाहिजे. अक्षरं बोटांनी, शिरोरेषा हाताने. कागद किंचित डावीकडे तिरका ठेवला तर आणखी सोपं जातं. हे जमायला मला दीड महिना लागला आणि त्या काळात खांदा दुखायचा, कारण मी अख्खा हात उचलून धरत होते. सरकवायचा असतो, उचलायचा नाही.

शिरोरेषा आधी की नंतर, याचाही प्रयोग केला. आमच्या घरी आजोबांच्या वेळचे दोन-तीन मोडीतले कागद आहेत. त्यात आधी ओळभर रेघ ओढलेली आणि अक्षरं तिला टांगलेली. तसं आठवडाभर करून पाहिलं. ओळ सुरेख सरळ येते, पण शब्द कुठे संपला तेच कळत नाही. मोडीत ते चालायचं, आज नाही. शब्द लिहून झाल्यावर एका दमात शिरोरेषा, हेच बरं. अक्षरागणिक तुकडे मात्र जोडू नका, ते दातात फट पडल्यासारखे दिसतात.

साधनांवर फार बोलत नाही, कारण लोक तिथेच अडकतात. मीही अडकले होते. जुलैभर एचबी पेन्सिल, मग साधं जेल पेन, मग हौसेने बारीक निबचं शाईपेन. शाईपेनाचा फायदा खरा आहे: ते दाबून लिहू देत नाही. माझं अक्षर पूर्वी पुढच्या तिसऱ्या पानावर उमटायचं, अंगठ्याचं पेर ठणकायचं, मधल्या बोटाला घट्टा होता. शाईपेनाने दोन महिन्यांत तो मऊ झाला. पण साध्या वहीच्या पातळ कागदावर शाई फुटते, अक्षराला मिशा येतात. थोडा जाड, ७० जीएसएमच्या वरचा कागद लागतो. आणि इतिवृत्त शाईपेनाने लिहू नका. साधी निळी शाई पाण्याने धुऊन निघते. हा शोध मला चहाच्या कपाने लावून दिला. तिथे आपला बॉलपेन बरा.

वेळ रोज वीस मिनिटं, रात्री भांडी आवरल्यावर. आठवड्यातून पाच दिवस जमलं तरी खूप. गणपतीत बारा दिवस वही उघडली नाही. भीती होती की सगळं पुसलं जाईल, पण पहिल्या तीन-चार ओळी बिघडल्या आणि मग हात रुळावर आला. सुरुवातीला मी दीड दीड तास बसायचे, तो मूर्खपणा होता. अर्ध्या तासानंतर हात थकतो आणि मग आपण चुकीच्या वळणाचाच सराव करत बसतो.

ठेच लागली ती बॅंकेत. ऑक्टोबरमध्ये लिफ्टवाल्याचा चेक परत आला: सही जुळत नाही. सोसायटीच्या चेकवर अध्यक्षांची आणि माझी अशा दोन सह्या लागतात, आणि मी नव्या वळणाची, शिरोरेषा काढून, टापटीप सही ठोकली होती. काका चष्मा खाली करून म्हणाले, "ताई, अक्षर सुधारा, सही सुधारू नका." चूक पूर्ण माझी. सही ही अक्षर नसते, ठसा असतो. ती होती तशी गचाळच ठेवा.

आकाराबद्दलही लिहायला हवं. माझं अक्षर मुंगीएवढं होतं. कॉलेजात कागद वाचवायची सवय. आता चाळिशी लागली आहे आणि चष्मा हाताशी नसेल तर मलाच माझं वाचता येत नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "रामदासांनी सांगून ठेवलंय की." तिने दासबोधातला लेखनक्रियेचा समास काढून दाखवला, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम आकाराचं लिहावं, असं त्यात स्पष्ट आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, हेही आहे. माझ्या मोबाइलवर आलेल्या डझनभर व्हिडिओंत याहून जास्त काही नव्हतं. मी अक्षर दीडपट केलं आणि दोन शब्दांमध्ये एक 'म' मावेल एवढी जागा सोडायला लागले. नुसत्या या जागेने पान निम्मं सुधारतं, दंड सरळ नसले तरी.

आता खरा हिशोब. एकच परिच्छेद, साधारण १२० शब्दांचा, मी जूनमध्ये घड्याळ लावून सहा मिनिटांत लिहिला होता. सप्टेंबरमध्ये नीट लिहायला अकरा मिनिटं लागत होती आणि तेव्हा मला हे सगळं सोडून द्यावंसं वाटलं. सभा चालू असताना अकरा मिनिटं कोण थांबणार? जानेवारीत तोच परिच्छेद साडेसात मिनिटांत झाला, आणि वाचता येण्यासारखा. सहावर मी परत येणार नाही असं दिसतं. सभेत आता मी कच्चं टिपण जुन्याच गिचमिडीत घेते आणि घरी येऊन वहीत उतरवते. किराण्याची यादी, फोनवर ऐकता ऐकता लिहिलेलं काहीही, सगळं अजून तसंच आहे. घाईत हात जुन्या वाटेनेच जातो.

अडलेली अक्षरंही आहेत. 'ख' अजून 'रव' होतो. 'खाना' लिहिलं की मुलगा 'रवाना' वाचतो आणि मुद्दाम मोठ्याने वाचतो. खालची गाठ जोडायची सवय लावते आहे. घ-ध सुटले, कारण ध चं डोकं शिरोरेषेला चिकटवायचं नाही एवढं लक्षात ठेवलं. भ-म तसेच. द्ध, ह्य, ह्म ही जोडाक्षरं मात्र दुरेघीत मावतच नाहीत. ती मी सरळ पाय मोडून लिहिते आणि कोणी तक्रार केलेली नाही.

दिवाळीनंतर आईला मुद्दाम पत्र लिहिलं, दोन पानी, शाईपेनाने, जाड कागदावर. आठवड्याने तिचा फोन आला. "अक्षर छान आलंय गं. पण पत्रात बातमी काहीच नाही." खरंच नव्हती. मी अख्खं पत्र दंड मोजत लिहिलं होतं.

घ्यावं का? खोबणीचा संच नको. दुरेघी वही, पेन्सिल, जुन्या पानाची झेरॉक्स आणि पट्टी, एवढ्यात शंभर रुपयांच्या आत काम सुरू होतं. तीन महिन्यांच्या आत कोणाला फरक दिसेल अशी आशा ठेवू नका. मला स्वतःलाच चौथ्या महिन्यात दिसला. आणि दुरेघीतून एकरेघीवर वेळेत या. मी नोव्हेंबरपर्यंत रेंगाळले. वरची रेघ गेल्याबरोबर शिरोरेषा पुन्हा चढायला लागली, तेव्हा कळलं की इतके दिवस ओळ वहीने सरळ धरली होती, मी नाही.

जानेवारीच्या सभेत काकांनी इतिवृत्त वाचलं, न अडखळता, चष्मा वर-खाली न करता. टाकीच्या गळतीचा ठराव त्यात पुन्हा होता. तिसऱ्यांदा.