स्नोबोर्डिंगसाठी मिटन की पाचबोटी ग्लव्ह्ज? पूर्ण मोसम वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. स्नोबोर्डिंगला मी आता चामड्याची मिटन वापरते. चार बोटं एकत्र, अंगठा तेवढा वेगळा. तिचं लोकरी अस्तर पूर्ण बाहेर काढता येतं आणि त्याच्याही आत मी मेरिनो लोकरीचा पातळ पाचबोटी लायनर, म्हणजे आतला हातमोजा, घालते. मोसमाच्या सुरुवातीला दोन जोड्या बरोबर असायच्या: ही मिटन, आणि जाड सिंथेटिक भरणाचे, वॉटरप्रूफ पडदा असलेले पाचबोटी ग्लव्ह्ज. कित्येक आठवडे दोन्ही आलटून पालटून वापरले, कधी सकाळी एक आणि दुपारी दुसरी. मोसम संपत आला तेव्हा ग्लव्ह्ज बॅगेतून बाहेर निघेनासे झाले. मिटन जास्त उबदार आहे हे खरंच, पण माझ्या लेखी त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे: दिवसभरात उघडा हात किती वेळा बाहेर काढावा लागतो?

विकत घेताना आपण हातमोजा दाबून बघतो, जाड वाटला की समाधान होतं. टॅगवर उणे वीस, उणे तीस असे आकडे असतात, त्यांच्यावर मी फारशी विसंबत नाही. युरोपात थंडीत काम करणाऱ्यांच्या हातमोज्यांसाठी ईएन ५११ नावाचं मानक आहे. त्यात वाहत्या हवेची थंडी आणि गार वस्तूच्या स्पर्शाची थंडी यांना ० ते ४ असे गुण मिळतात आणि पाणी आत शिरतं की नाही ते ० किंवा १ ने दाखवतात. बर्फावरच्या खेळांच्या हातमोज्यांवर हे गुण क्वचितच दिसतात. शिवाय तापमानाचा आकडा सगळ्यांना सारखा लागू पडणं शक्यच नाही. बोटांमध्ये स्वतःचे स्नायू नसतात. त्यांना हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपराखालच्या भागात असतात. म्हणजे बोट स्वतः उष्णता तयार करत नाही, रक्ताबरोबर येईल तेवढीच ऊब त्याला मिळते. शरीर गार पडायला लागलं की बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि मग हातमोजा कितीही जाड असला तरी त्यात राखून ठेवायला ऊबच उरत नाही. माझे हात मुळात लवकर गार पडतात. जॅकेटच्या आत आणखी एक पातळ थर घालायला लागल्यापासून बोटांना जेवढा फरक पडला, तेवढा कुठल्याही जाड भरणाने पडला नव्हता.

ब्रिटिश वैद्यक थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये एक मजेशीर गोष्ट नोंदवली होती. बोटं बर्फाच्या पाण्यात ठेवली की आधी गार पडतात, मग काही मिनिटांनी रक्तवाहिन्या आपोआप उघडतात आणि बोटं थोडी गरम होतात, मग पुन्हा गार. अंग आधीच गारठलेलं असेल तर हा प्रतिसाद फार मंदावतो. सकाळी डोंगरावर नेणारी पहिली चेअरलिफ्ट (तारेवरची खुर्ची) पकडण्याआधी थोडं चालून, अंग गरम करून घेण्याचं महत्त्व मला यातून पटलं.

आता स्नोबोर्डिंगचं म्हणून जे वेगळं आहे ते. स्कीवाल्यांच्या हातात पोल असतात, त्यांचे हात बहुतेक वेळ हवेत राहतात. आपले दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला जखडणारे पट्टे, लावायला बर्फात बसायचं, उठताना तळहात बर्फात रोवायचे, पडलो की पुन्हा हातच खाली जातात. शिकाऊ काळात तर दिवसाचा मोठा भाग हात बर्फातच असतात. त्यामुळे आपल्याला ओलीचा त्रास थंडीपेक्षा जास्त होतो. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. उणे पंधराच्या कोरड्या, भुसभुशीत बर्फात पाचबोटी ग्लव्ह्जमध्ये माझी बोटं मजेत होती. शून्याच्या आसपास ओला बर्फ पडत असताना तेच ग्लव्ह्ज दुपारपर्यंत जड, गार आणि लिबलिबीत झाले होते.

त्यांच्यातला पडदा फाटला होता असं मात्र नव्हतं. असे काही पडदे पीटीएफई नावाचं प्लास्टिक ताणून बनवतात. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये ही ताणण्याची युक्ती शोधली आणि त्यातून गोर-टेक्स आलं. पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. मात्र पडदा असतो आतल्या बाजूला. बाहेरच्या कापडावर पाणी न ठरू देणारा लेप असतो, तो घासून घासून जातो. मग कापड पाणी पितं, पडद्यावर ओला थर बसतो आणि वाफेची वाट जवळजवळ बंद होते. आत पाणी शिरलेलं नसतं, तरी हात घामाने ओला होतो आणि बाहेरचा ओला थर त्याची ऊब ओढत राहतो. म्हणून "वॉटरप्रूफ आहे" एवढ्यावर थांबू नका. बाहेरून पाण्याचे थेंब घरंगळून पडतात का, हे मोसमात मधूनमधून तपासा. घरंगळत नसतील तर लेप पुन्हा द्यावा लागतो. त्यासाठी फवारे मिळतात आणि तेवढं काम घरी सहज होतं.

पाचबोटी ग्लव्ह्जचं दुखणं मला खरं जाणवलं ते आतल्या अस्तराचं. ओलसर हात घाईने बाहेर ओढला की अस्तर हाताबरोबर बाहेर येतं. माझ्या उजव्या ग्लव्हच्या अनामिकेत हेच झालं. अस्तर निम्मं उलटं झालं, पेन्सिलीच्या बोथट टोकाने ढकलून आत बसवलं, तरी टोकाशी पीळ राहिलाच. त्यानंतर ते बोट कधी शेवटपर्यंत आत गेलं नाही आणि सगळ्यात आधी बधिर व्हायचं तेच. अस्तर बाहेरच्या आवरणाला बोटांच्या टोकाशी शिवलेलं किंवा चिकटवलेलं असेल तर हा प्रकार टळतो. हातमोजा घालून बघताना हात दोनचारदा पटकन बाहेर ओढा, म्हणजे लगेच समजेल. मिटनमध्ये ही भानगडच नाही. अस्तर सुटं आहे, बाहेर आलं तर आलं, परत घातलं.

मिटनवर नेहमीचा आक्षेप असा की त्यात हाताने काही करता येत नाही. बऱ्याच अंशी खरं आहे. बाइंडिंगचंच घ्या. दातेरी पट्टी रॅचेटच्या, म्हणजे खटक्याने आवळणाऱ्या बकलच्या, तोंडात सरकवायची, दोनतीनदा खटके मारून आवळायची, एवढंच काम. मिटन घालून मी ते अंगठा आणि मुठीच्या कडेने करते आणि आता त्यात काही वाटत नाही. अडतं ते रॅचेटच्या तोंडात बर्फ घट्ट बसतो तेव्हा. तो दात्यांतून उकरून काढायला एक सुटं बोट लागतंच. अशा वेळी मी मिटन मनगटाच्या दोरीवर लोंबकळत सोडते आणि पातळ लायनरच्या बोटाने बर्फ काढते. गॉगल्सची पट्टी, हेल्मेटचं बकल, खिशाची चेन, फोन, सगळं लायनरवरच. दहावीस सेकंदांत हात परत उबेत. पाचबोटी ग्लव्ह्ज घातलेले असताना गंमत अशी व्हायची की हीच बारीक कामं त्या जाड बोटांनीही जमत नसत, मग ग्लव्ह काढावा लागे आणि आत उघडा हात. आणि ओलसर हात अरुंद बोटांत परत घालायला जो वेळ लागतो त्यात सगळी ऊब निघून जाते. मिटनमध्ये हात एका झटक्यात जातो. पाय नुसता दाबून बसवायचं बाइंडिंग असेल तर हा प्रश्न आणखी सोपा होतो.

मधला मार्ग म्हणून तर्जनी वेगळी आणि बाकीची बोटं एकत्र असे तीनबोटी हातमोजेही मिळतात. मैत्रिणीचे काही दिवस वापरून पाहिले. रॅचेटला सोयीचे आहेत, पण वेगळी पडलेली तर्जनी माझी गार पडायची. बोटं एकमेकांना लागून राहिली की ऊब वाटली जाते आणि थंड हवेला उघडा पडणारा पृष्ठभागही कमी होतो, मिटनची सगळी मजा त्यातच आहे. ज्यांचे हात चांगले गरम राहतात त्यांना तीनबोटी आवडतील. सतत फोटो काढणाऱ्यांना आणि उड्यांसाठी बनवलेल्या स्नो पार्कमध्ये उड्या मारताना बोर्ड पकडणाऱ्यांना पातळ पाचबोटीच सोयीचे.

मिटन वरून बकऱ्याच्या चामड्याची आहे. चामडं पातळ आणि मऊ, पण चिवट. इतक्या महिन्यांत झीज दिसते ती एकाच ठिकाणी, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात. बोर्ड काखेत धरून चालताना त्याची लोखंडी कड तिथे घासते. एका शिवणीचे धागे तुटले, ते मेणाच्या दोऱ्याने मी स्वतः शिवून टाकले. दोरीला धरून वर नेणारी लिफ्ट जिथे असते तिथे तळहातावर चामड्याचा दुसरा थर असायलाच हवा, नाहीतर घसटून भोक पडायला वेळ लागत नाही.

चामड्याला निगा लागते, ही त्याची किंमत आहे. मोसमाआधी एकदा आणि मग महिन्या-दीड महिन्याने मी त्याला मेणाचं मलम लावते. चामडं आधी खोलीच्या उबेत आणायचं, बोटावर थोडंसं मलम घेऊन गोल गोल चोळायचं, शिवणींवर जरा जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं. जास्त थापलं तर चामडं थंडीत कडक होतं आणि वाफही अडते. रंग गडद होतो, त्याची तयारी ठेवा. मला तो जास्तच आवडला.

वाळवणं हा भाग मी सगळ्यात गंभीरपणे घेते, कारण आदल्या दिवशीचा ओला हातमोजा सकाळी घातला की दिवस गेलाच म्हणून समजा. संध्याकाळी अस्तर बाहेर काढते आणि वेगळं टांगते. सुट्या अस्तराचा सगळ्यात मोठा फायदा हाच; पाचबोटी ग्लव्ह्जच्या टोकांत सकाळपर्यंत ओल राहायची. हीटरवर किंवा शेगडीजवळ मात्र काहीच ठेवू नका. चामडं आक्रसून तडकतं, आणि पडदा चिकटवलेला असेल तर तोही सुटतो. लायनरच्या दोन जोड्या असाव्यात. दुपारी जेवायला थांबल्यावर कोरडी जोडी घातली की उरलेला दिवस पुन्हा सकाळसारखा जातो.

कफ लांब असावा की आखूड, हे जॅकेटवर ठरतं. माझ्या मिटनचा कफ लांब आहे, बाहीवरून येतो आणि दोरीने आवळता येतो. ताज्या खोल बर्फात पडलं तरी मनगटाशी बर्फ जात नाही. बाही रुंद असेल तर आखूड कफ तिच्या आत घालणं बरं. मनगटाची दोरी हवीच. चेअरलिफ्टवरून हातमोजा पडला तर तो परत मिळेल याची खात्री नसते.

स्नोबोर्डवर, विशेषतः शिकणाऱ्यांमध्ये, मनगटाच्या दुखापती फार होतात, म्हणून मी मनगटाचा गार्ड वापरते. तो आतून घालायचा असेल तर हातमोजा गार्डसकटच घालून बघा. गार्डवर घट्ट बसलेला हातमोजा रक्त अडवतो आणि मग ना भरणाचा उपयोग ना लोकरीचा.

लोखंडाची पूड असलेल्या गरम पुड्या फार थंडीच्या दिवशी खिशात असतात. त्या हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात, त्यामुळे बंद मिटनमध्ये मंदावतात. आधी बाहेर पूर्ण गरम होऊ द्यायच्या, मग हाताच्या पाठीवर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला, लायनरच्या वरून ठेवायच्या. बॅटरीवर गरम होणारे हातमोजे मी घेतले नाहीत. बॅटरी थंडीत लवकर उतरते, आणि ती संपल्यावर उरतो तो साधा, जरा जड हातमोजा. ज्यांना रेनॉचा त्रास आहे, म्हणजे थंडीत बोटं अचानक पांढरी पडतात, त्यांना मात्र ते उपयोगी पडू शकतात.

बोटं बधिर वाटली तर मी हात पूर्ण लांब करून खांद्यातून जोरात गोल फिरवते. रक्त टोकापर्यंत ढकललं जातं, मिनिटभरात मुंग्या येतात आणि मग ऊब. बोटाचं टोक पांढरं, मेणचट दिसत असेल तर तिथेच थांबायचं, हात काखेत धरायचे, आणि बर्फाने चोळायचं अजिबात नाही. तरीही संवेदना परत येत नसेल तर थेट वैद्यकीय मदत.

मापाचं सांगते आणि थांबते. हातमोजा लायनर घालूनच बघा. बोटांच्या टोकाशी साधारण अर्धा सेंटीमीटर जागा हवी. मूठ वळल्यावर ताण आला तर भरण दाबलं जातंय, म्हणजे लहान होतोय. टोकाला बरीच पोकळी राहत असेल तर ती हवा गरम करण्यातच हाताची ऊब खर्च होणार. मग जॅकेटची चेन वरखाली करा, हेल्मेटचं बकल लावा, जमलं तर एखाद्या बाइंडिंगचं रॅचेट आवळून सोडा. यातलं एखादं काम करताना हातमोजा काढावासा वाटला, तर दुसरं माप किंवा दुसरा आकार मागून घ्या.